व्यवसायनिहाय मृत्युदर मोजण्याच्या दोन पद्धती

इंग्लंड आणि वेल्समध्ये कोणत्या व्यवसायातील माणसे लवकर दगावतात हे दोन पद्धतींनी मोजले गेले आहे. सांख्यिकीतज्ज्ञ विल्यम फार यांनी १८५१ च्या जनगणनेच्या आधारे वापरलेल्या जुन्या पद्धतीत अंशस्थानी मृत्युनोंदींतील व्यवसाय येतो, तर छेदस्थानी जनगणनेत त्याच व्यवसायात मोजलेली माणसे. देशातील सर्व मृत्यू हिशेबात येत असल्याने लहानसहान व्यवसायांचेही दर काढता येतात. पबचालकांमधील यकृतविकाराचे वाढीव मृत्यू असेच लक्षात आले. खोट आहे ती माहितीच्या दोन वेगळ्या उगमांत. दम लागू लागल्याने कोळशाची खाण सोडून पहारेकरी झालेला माणूस जनगणनेत ‘पहारेकरी’ असतो, पण त्याच्या पश्चात निबंधकासमोर बसलेली पत्नी, आयुष्याचे खरे काम तेच म्हणून, ‘खाणकामगार’ असे सांगते (आणि तिचे काही चुकतही नाही); परिणामी खाणकामगारांचा दर फुगतो व पहारेकऱ्यांचा घटतो.

दुसऱ्या पद्धतीत १९७१ च्या जनगणनेपासून वर्षातील चार ठरावीक जन्मतारखांची, म्हणजे सुमारे १ टक्का, माणसे निवडून त्यांच्या नोंदी पुढील मृत्युनोंदींशी जोडल्या जातात. व्यवसाय एकाच जागेवरून, म्हणजे जनगणनेतूनच, घेतल्याने वरील विसंगती टळते, मात्र नमुना लहान पडतो. म्हणून व्यापक सामाजिक वर्गांसाठी जोडनोंदींवर भिस्त ठेवावी. विरळ व्यवसायांसाठी मात्र जुन्या पद्धतीला, तिची खोट जमेस धरूनही, सोडता येत नाही.