आठ महिने क्लॅश ऑफ क्लॅन्स: वापरानंतरचा अनुभव

क्लॅश ऑफ क्लॅन्स डाउनलोड करताना मनात एकच शंका होती. आपलं गाव, म्हणजे बेस, बांधायचं आणि सैन्य घेऊन दुसऱ्यांच्या बेसवर अटॅक करायचा, असा हा मोबाइल गेम २०१२ सालचा, अँड्रॉइडवर आला २०१३ मध्ये. इतक्या वर्षांनी नव्याने सुरुवात केली तर त्यात मुरलेल्या खेळाडूंसमोर आपला निभाव लागेल का? आठ महिन्यांनंतर सांगते, लागतो. उलट नव्या माणसासाठी आताचा काळ जास्त सोयीचा आहे. पूर्वी प्रत्येक अटॅकनंतर सैन्य पुन्हा तयार होईपर्यंत थांबावं लागायचं, ती भानगड मार्च २०२५ मध्ये संपली. आता एक अटॅक फसला की लगेच दुसरा करून बघता येतो, आणि शिकायला याहून चांगली गोष्ट नाही.

वाट बघणं मात्र संपलेलं नाही, ते बांधकामात आहे. सुरुवातीला मिनिटांत होणारी अपग्रेड्स पुढे कित्येक दिवस चालतात. त्यामुळे या गेममधली खरी संपत्ती सोनं किंवा एलिक्सर (बांधकामाला लागणारी चलनं) नव्हे, तर मोकळा बिल्डर, म्हणजे बांधकाम करणारा कामगार. हे मला उशिरा कळलं. सुरुवातीला दोन बिल्डर मिळतात. तिसरा ५०० जेम्सचा (गेममधली रत्नं), चौथा १०००चा, पाचवा २०००चा. जेम्स पैसे देऊन मिळतात, पण फुकटही मिळतात: अचीव्हमेंट पूर्ण केल्यावर, आणि बेसवर उगवणारी झाडंझुडपं, दगड साफ केल्यावर. पहिल्या महिन्यात मी हे जेम्स एखादी तोफ तासभर आधी तयार व्हावी म्हणून उडवले. त्याचं आजही वाईट वाटतं. तेच साठवले असते तर तिसरा बिल्डर कितीतरी आधी आला असता आणि पुढचं प्रत्येक काम लवकर झालं असतं. नवीन असाल तर एवढं एक ऐका: पाच बिल्डर होईपर्यंत जेम्सना दुसरीकडे कुठेही हात लावू नका.

दुसरी चूक टाउन हॉलची, म्हणजे बेसच्या मुख्य इमारतीची. बटण दिसलं की मी टाउन हॉल वाढवत गेले. दिसायला बेस मोठा, पण आतलं सगळं कच्चं. भिंती जुन्या, लॅबमध्ये सैन्याची लेव्हल मागेच. आपल्यापेक्षा बऱ्याच खालच्या टाउन हॉलवर अटॅक केला की लूट कापली जाते, आणि बरोबरीच्यांवर करावा तर आपलं सैन्य तोकडं पडतं. खेळाडू याला ‘रश केलेला बेस’ म्हणतात. त्यातून बाहेर पडायला मला जवळजवळ दोन महिने लागले. आता नवा टाउन हॉल झाला की आधी लॅब, आर्मी कॅम्प (सैन्याचा तळ) आणि क्लॅन कॅसल (सोबत्यांनी दिलेलं सैन्य राहतं ती इमारत), मग डिफेन्स, आणि भिंती जमेल तशा. लॅब रिकामी ठेवायची नाही हा माझा नियम आहे.

पण मी टिकले ती क्लॅनमुळे, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या खेळाडूंच्या गटामुळे. पहिल्या क्लॅनमधून कारण न सांगता काढलं गेलं, खूप लागलं होतं. दुसरी मिळाली ती माणसांची निघाली. सैन्य मागितलं की कोणीतरी डोनेट करतंच, चुकलं तर समजावून सांगतात. वॉरमध्ये, म्हणजे दोन क्लॅनच्या लढाईत, आधी एक दिवस तयारीचा, मग एक दिवस लढाईचा, आणि प्रत्येकाला दोन अटॅक. माझ्या पहिल्या वॉरमध्ये मी सगळे ड्रॅगन एका बाजूने ओळीत सोडले. ते बाहेरबाहेरच्या इमारती जाळत बेसला वळसा घालत गेले, टाउन हॉल मधोमध सुखरूप. जेमतेम पन्नास टक्के ओलांडले म्हणून एक स्टार (अर्धा बेस, टाउन हॉल आणि पूर्ण बेस, प्रत्येकाचा एकेक स्टार). आमच्या को-लीडर दादांनी रिप्ले पाहून चॅटमध्ये विचारलं, “ताई, फनेल कुठाय?” आणि मग उलगडून सांगितलं: आधी दोन्ही टोकांना एकेक ड्रॅगन सोडायचा, त्यांना कडेच्या इमारती साफ करू द्यायच्या, मग उरलेले मधून. बाजूला काही उरलंच नाही की ते आपोआप आत वळतात.

पुढच्या वॉरमध्ये तसंच केलं. ड्रॅगन सरळ आत घुसले, टाउन हॉल पडला, स्क्रीनवर ९८ टक्के. उरली होती फक्त एक बिल्डरची झोपडी, अगदी विरुद्ध कोपऱ्यात. तीन मिनिटांतले शेवटचे आठ-नऊ सेकंद. एक ड्रॅगन तिकडे निघालेला, त्याच्या त्या संथ चालीने, आणि तो पोचायच्या आत वेळ संपला. दोन स्टार. ते वॉर स्टारमध्ये बरोबरीत सुटलं आणि नुकसानीच्या टक्केवारीवर आम्ही हरलो. ती झोपडी पडली असती तर एका स्टारने जिंकलो असतो. कोणी मला बोललं नाही, पण रात्री झोप आली नाही. तेव्हापासून प्रत्येक अटॅकमध्ये तीन-चार आर्चर मागे राखून ठेवते, कोपऱ्यांसाठी. अटॅकआधी पाहणीचा वेळ मिळतो तेव्हा आता माझी नजर आधी कोपऱ्यांवर जाते.

पैशांचं म्हणाल तर मी एक रुपयाही घातलेला नाही. ऑफर सतत समोर येत राहतात. मोह होतो, आणि पैसे घालणारा झपाट्याने पुढे जातो हे खरंच आहे. मात्र अटॅक कसा करायचा ते विकत मिळत नाही, त्यामुळे मला कधी फसवल्यासारखं वाटलं नाही. फोन लहान मुलांच्या हातात जात असेल तर खरेदीला पासवर्ड लावून ठेवाच. वेळ म्हणाल तर सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटं पुरतात. वॉर लीगचा आठवडा तेवढा वेगळा. सात दिवस, रोज नवी क्लॅन समोर आणि रोज एकच अटॅक. त्या आठवड्यात डोक्यात दुसरं काही राहत नाही.

रोज तासन्‌तास काहीतरी करत राहायला हवं असेल, तर हा गेम तुम्हाला मंद वाटेल. माझा टाउन हॉल आता दहावर आहे, खालच्या लेव्हलची बाकी सगळी फेडून. आज जेम्स १९८० झालेत. बेसच्या उत्तरेला तीन झाडं उगवली आहेत, ती साफ केली की पाचवा बिल्डर आणखी थोडा जवळ येईल.