वेगवान गोलंदाजी: उन्हाळी शिबिरात रोज की आठवड्यातून तीनदा?

परीक्षा संपल्या की वडोदऱ्यातल्या पालकांपुढे दोन तऱ्हेची शिबिरं येतात. एकात आठवड्याचे सहा दिवस नेट. दुसऱ्यात तीन दिवस गोलंदाजी आणि मधल्या दिवशी फलंदाजी, क्षेत्ररक्षण, व्यायाम. चौदा-पंधराचा मुलगा वेगवान टाकत असेल तर दुसरंच घ्या.

रोज 6 षटकं म्हणजे सहा दिवसांत 216 चेंडू, रविवारच्या मॅचमध्ये आणखी 6 टाकली की 252. तीन दिवसांच्या शिबिरात मॅच धरून 144. पण आकड्याहून महत्त्वाची आहे मधली सुट्टी. चेंडू सोडताना पुढचा पाय जोरात आपटतो आणि त्याच क्षणी कंबर मागे, बाजूला वाकून पिळली जाते. हा ताण खालच्या मणक्यांवर येतो, उजव्या हाताच्या गोलंदाजाला बहुधा डावीकडे. हाड झिजलेला भाग आधी काढून टाकतं, मग नवा भरतं. भरायच्या आत पुन्हा तोच मारा झाला की बारीक चीर पडते, तेच स्ट्रेस फ्रॅक्चर. वाढीच्या वयातलं हाड अजून पक्कं झालेलं नसतं. म्हणून अभ्यासासाठी दोन महिने बंद आणि मग एकदम रोज, हे सगळ्यात घातक. दुखणं कधी कधी तीन-चार आठवड्यांनी वर येतं. तोवर शिबिर संपलेलं असतं. सुरुवात 3 षटकांनी करा, मग दर आठवड्याला थोडी वाढवा.

रोज टाकल्याने लय बसते, हे खरं. पण रन-अपची लय चेंडू न टाकताही घोटता येते.

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने या वयाला अनेक वर्षं घातलेली मर्यादा अशी: एका स्पेलला, म्हणजे एका टोकाकडून सलग टाकण्याच्या फेरीला, 6 षटकं, दिवसाला 12, आठवड्यात जास्तीत जास्त चार दिवस, लागोपाठ दोनच. ही कमाल मर्यादा आहे, रोज गाठायची नव्हे.

तीन दिवसांचं शिबिरही एका गोष्टीने फुकट जातं: शाळेचे सर, क्लबचे सर आणि शिबिराचे सर, मुलाने दुसऱ्यांकडे किती चेंडू टाकले हे तिघांनाही माहीत नसतं. वही घरी ठेवा. वॉर्म-अपचे चेंडूही त्यात मांडा. सराव सिमेंटवर असेल तर षटकं आणखी कमी करा, ती जमीन धक्का गिळत नाही.

कंबरेत एकाच बाजूला, मागे वाकताना दुखलं तर गोलंदाजी त्याच दिवशी बंद, आणि क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीची चीर एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआय लागतो. वेळेत सापडली तर काही महिन्यांच्या विश्रांतीने भरते. तसंच टाकत राहिलं तर कधी कधी ती जुळतच नाही.