चार लाईनचा तांब्याचा कोअर की दोन लाईनचा अल्युमिनियम? सोलापूरच्या उन्हात जुन्या जीपवाल्यांसाठी

जुनी डिझेल जीप असेल आणि एप्रिल लागला की टेम्परेचरचा काटा लाल पट्टीकडं झुकत असेल तर सोलापुरात दोनच सल्ले मिळतात. एक म्हणजे आहे तोच रेडिएटर खोलून तीन लाईनच्या (म्हणजे नळ्यांच्या तीन रांगांच्या) जागी चार लाईनचा तांब्याचा कोअर, म्हणजे मधला नळ्या-जाळीचा भाग, टाकून घ्या, आणि दुसरा म्हणजे सगळाच काढा आणि अल्युमिनियमचा बनवून बसवा. माझ्या महिंद्रा मेजर जीपला दोन्ही होऊन गेलेत म्हणून लिहितोय. प्लास्टिक टाकीवाला तिसरा प्रकार पण मिळतो, पण टाकी तडकली की बहुतेक वेळा अख्खाच बदलावा लागतो, त्यामुळं त्याचं सोडा.

खर्चाला हात घालायच्या आधी रेडिएटरची कॅप नवीन टाका, इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा थर्मोस्टॅट काढून फेकला असेल तर परत बसवा, आणि फॅनभोवतीचं कव्हर जागेवर आहे का बघा. हे कव्हर बेल्ट बदलताना आड येतं म्हणून मेकॅनिक काढून ठेवतात ते परत बसवलंच जात नाही, मग फॅन नुसता जागच्या जागी हवा घुसळतो, रेडिएटरमधून ओढत नाही. कॅपचं रबर कडक झालं की प्रेशर धरत नाही, आणि एक पीएसआय (दाब मोजायचं माप) प्रेशर गेलं की उकळायचा पॉईंट साधारण दीड डिग्रीनं खाली येतो. बऱ्याच गाड्या एवढ्यावरच नीट होतात. पुढचं ज्यांच्या झाल्या नाहीत त्यांच्यासाठी.

तांब्याच्या बाजूनं पहिलं बोलणं ठरलेलं असतं, की तांबं उष्णता जास्त वाहतं. खरंच आहे, अल्युमिनियमच्या दीडपटीच्या वर. पण त्या रेडिएटरमध्ये तांब्याची फक्त जाळी असते, नळ्या पितळेच्या, आणि दोन्हीला धरून ठेवणारा डाख शिशा-कथलाचा, आणि हे दोन्ही त्यामानानं बरेच मंद. अल्युमिनियम हलकं असल्यानं नळी रुंद करता येते, दोनच लाईन पण एकेक नळी इंचभर, म्हणजे जाळीला चिकटलेला पृष्ठभाग भरपूर. शिवाय चार लाईनमध्ये मागच्या नळीला जी हवा मिळते ती पुढच्या तिघींनी तापवून दिलेली असते, त्यामुळं चौथी लाईन पहिलीइतकं काम करेल ही आशा सोडा. हायवेला मोहोळपर्यंत सरळ पळवली तर मला दोन्हीत फरक जाणवला नाही, आता मी काही मीटर लावून मोजलेलं नाही, काट्यावरून सांगतोय.

माझ्यासाठी गोष्ट ठरली ती भुसकटावर. माझं जाणं-येणं मंगळवेढ्याकडं जास्त, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तिकडं ज्वारीची मळणी चालू असते, रस्त्याच्या कडेला मशीन लागलेलं असतं, हवेत भुसा नुसता तरंगत असतो. चार लाईनच्या कोअरमध्ये माझ्याकडं नळ्या एकीआड एक सरकवून बसवलेल्या होत्या आणि जाळी दाट, त्यामुळं भुसा पुढच्या तोंडाला अडकत नाही, आत जाऊन मधोमध बसतो. वरून बघाल तर रेडिएटर स्वच्छ. रात्री मागून मोबाईलची टॉर्च लावली आणि पुढून बघितलं तर मधल्या पट्ट्यातून उजेडच येत नव्हता! धूळ, ऑईलचा ओलावा आणि भुसा मिळून आत अक्षरशः गादी झालेली. हवा मारली तर थोडं निघतं, वॉशिंगवाल्याची गन जवळून मारली की जाळीची पातं आडवी होतात आणि उरलीसुरली वाट पण बंद. म्हणजे दर उन्हाळ्याआधी रेडिएटर खाली उतरवा, भिजत ठेवा, फॅनच्या बाजूनं हळू पाणी सोडा. नाही केलं तर तुळजापूरच्या घाटात ट्रकच्या मागं दुसऱ्या गिअरला लागलात की काटा चढलाच, कारण तिथं वाऱ्याचा झोत नसतो, सगळा भार फॅनवर.

आताच्या अल्युमिनियमला दोन लाईन आणि नळ्या एकामागं एक सरळ, त्यामुळं टॉर्च आरपार दिसते. भुसा बसतो, नाही असं नाही, पण गाडीवरच पाण्याच्या पाईपनं मागून पुढं धुतला की निघतो. माझ्यापुरता विषय तिथंच संपला.

आता अल्युमिनियमचे नखरे पण ऐका. तांब्याला पाणी कुठलं पण चालतं असं लोक म्हणतात, क्षार त्यात पण बसतात, पण वरची टाकी उघडून सळई मारून नळ्या साफ करता येतात. अल्युमिनियमला बोअरचं पाणी म्हणजे विषच. आपल्याकडं नळाला काही दिवसांआड पाणी, मग हाताशी बोअरचंच असतं आणि ड्रायव्हर तेच ओततो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, आणि एक भरलेला कॅन सीटखाली, एवढं जमणार असेल तरच या वाटेला जा. फॅनची नाहीतर हॉर्नची अर्थिंग रेडिएटरच्या बॉडीला देऊ नका, करंट फिरला की धातू आतून खाल्ला जातो. खाली रबरी बुश हवेतच, नाहीतर कच्च्या रस्त्यावर वेल्डिंगला चीर जाते. आणि लीक झालंच तर तांब्याला कुठल्याही तालुक्याच्या गावात डाख मारून मिळतो, अल्युमिनियमला अर्गॉन गॅसचं वेल्डिंग करणारा शोधावा लागतो, तो रात्री सापडत नाही.

म्हणून गाडी भाड्यावर असेल, रोज वेगळा ड्रायव्हर असेल, तर मी आपला तांब्याचाच म्हणेन, आणि तो पण चारऐवजी तीन लाईनचा, सरळ नळ्यांचा. स्वतः चालवत असाल आणि उन्हाळ्यात घाट, शेतरस्ते असं फिरणं असेल, तर बघा बुवा, मी तरी परत चार लाईनकडं जाणार नाही.

अल्युमिनियम बसवलात तर जुना रेडिएटर दुकानात तसाच सोडून येऊ नका. "मालक, राहू द्या की हितंच, काय करताय नेऊन" म्हणतील, पण तांबं-पितळ भंगारात वजनावर जातं, मजुरीतला थोडा भाग सहज निघतो.