थारच्या मागे लावलेले जादा लाइट : दहा महिने वापरल्यानंतर

गेल्या मे महिन्यात माझ्या थारच्या (2021, डिझेल, हार्डटॉप) मागच्या बाजूला दोन जादा एलईडी लाइट बसवले. आता मार्च संपत आलाय. मधे एक सबंध पावसाळा गेला, लाइटची जागा दोनदा बदलली आणि वायरिंग एकदा मुळापासून उपसून नव्याने केलं. भेटणारा प्रत्येक जण आधी ब्रँड विचारतो. माझ्या लेखी ब्रँडचा नंबर चौथा लागतो. आधी जागा, मग कोन, मग वायरिंग.

मागे उजेड हवा हे मला राजमाचीच्या वाटेवर कळलं. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे उधेवाडीला जाणारा हा कच्चा रस्ता दिवसा ओळखीचा वाटतो. त्या रात्री पाऊस लागला होता. मी उतारावर होतो आणि समोरून सामानाने भरलेली पिकअप चढत होती. डोंगरात चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची असते, त्यामुळे मागे जायचं मला. सत्तर-ऐंशी मीटर, चढावर, उजवीकडे उतरण. आरशात नुसता काळोख, मागची काच पावसाने भरलेली, कॅमेऱ्याच्या पडद्यावर राखाडी मुंग्या. मावसभाऊ खाली उतरून मोबाइलची बॅटरी हलवत होता आणि तो नेमका कुठे उभा आहे हेच मला दिसत नव्हतं. आपल्याच माणसाच्या अंगावर गाडी जाईल ही भीती मी त्याआधी कधी अनुभवली नव्हती. घरी आल्यावर त्याच आठवड्यात लाइट शोधायला लागलो, पण बसवायला पुढचा मे उजाडला.

गाडीचा मूळ रिव्हर्स लाइट, मग गाडी कोणतीही असो, पार्किंगपुरता असतो. सोसायटीच्या भिंतीपर्यंत मागे जायला तो पुरतो. ओल्या दगडातून, ओढ्याच्या काठावरून मागे यायचं तर तो उजेड दोन पावलांत संपतो.

मी घेतलेले लाइट 18 वॅटचे, चौकोनी, पांढरे, फ्लड प्रकारचे. मागे लांबचं बघायचं नसतं. पंधरा-वीस फूट पुरतात, पण उजेड रुंद हवा, दोन्ही चाकांच्या बाहेरची कड दिसायला हवी. स्पॉट प्रकार मागे लावू नका. मधे एक झगझगीत गोल पडतो आणि कडेचा खड्डा आणखी काळा दिसतो. वॅट वाढवण्यातही अर्थ नाही. एका मित्राने मागे मोठा बार लावलाय. त्याच्या आरशांत मागच्या झाडांचा उजेड इतका परत येतो की तो रिव्हर्स घेताना आरसे वळवून ठेवतो.

पहिल्यांदा लाइट टपावर, कॅरिअरच्या मागच्या पट्टीला लावले. दिसायला झकास दिसले. पहिल्याच रात्री दोष समजला. वरून येणारा उजेड मागच्या दारावरच्या स्टेपनीवर पडतो आणि स्टेपनीची सावली गाडीच्या बरोब्बर मागे, चार-पाच फुटांचा काळा डाग होऊन बसते. दगड नेमका तिथेच असतो. ताम्हिणीच्या धुक्यात तर मागे पांढरी भिंतच उभी राहिली.

खरा धडा जूनमध्ये मिळाला, त्याच राजमाचीच्या वाटेवर. चिखलात मागचं चाक फिरायला लागलं म्हणून गावातले एक काका मदतीला आले. मी वरचे दोन्ही लाइट लावले. मला वाटलं, त्यांना सोपं जाईल. ते डोळ्यांपुढे तळहात धरून ओरडले, "ओ दादा, ती लाइट घालवा आधी! मलाच काय दिसंना, तुम्हाला काय सांगू?"

तोपर्यंत मी सगळा विचार माझ्या सीटवरून करत होतो. मागे उभा राहून हात दाखवणारा माणूस गाडीकडे तोंड करून असतो. त्याला माझं चाक आणि चाकाखालचा दगड दिसायला हवा, आणि मी त्याच्याच डोळ्यांत झोत मारत होतो. उजेड जमिनीवर हवा, तोंडावर नको. त्या रात्रीपासून मी एवढी एकच कसोटी धरली आहे.

मग लाइट बंपरच्या वरच्या कोपऱ्यांवर आणले. तिथे दुसऱ्याच आठवड्यात एका खडकाने डावी ब्रॅकेट वाकवली. शेवटी ते चेसिसच्या मागच्या टोकांना, बंपरच्या आतल्या बाजूला बसवले. आजही तिथेच आहेत. खाली लावताना एक बघावं लागतं. थारचा मागचा सुटकेचा कोन (डिपार्चर अँगल), म्हणजे मागचा भाग जमिनीला न घासता किती तीव्र चढ-उतारावरून सुटता येतं तो कोन, 36.8 अंश आहे आणि तो आपल्या हाताने कमी करायचा नाही. मी साधी सुतळी घेतली. एक टोक मागचं चाक जमिनीला टेकतं तिथे धरलं, दुसरं बंपरच्या खालच्या कडेला. लाइट, ब्रॅकेट, नट, सगळं त्या सुतळीच्या वर राहिलं पाहिजे. माझी ब्रॅकेट अर्धा इंच खाली येत होती, ती कापून घेतली.

कोन लावायचा तो रात्री, सपाट जागेवर. मावसभावाला दहा फुटांवर उकिडवं बसवलं आणि एकच विचारलं, लाइटमधले पिवळे ठिपके, म्हणजे एलईडीच्या चिप, थेट दिसतात का? दिसतात म्हणाला की नट सैल करून आणखी खाली झुकवायचं. तो "आता नाही दिसत" म्हणाला तेव्हा त्याच्या चपलांपासून गाडीच्या चाकापर्यंत प्रत्येक खडा वेगळा दिसत होता. खाली, तिरपा उजेड असला की प्रत्येक दगडाला स्वतःची सावली पडते आणि त्याची उंची कळते. टपावरून तोच दगड सपाट दिसायचा.

आता वायरिंग. इथे मी सगळ्यात जास्त पैसे आणि झोप घालवली. पहिलं वायरिंग एका ॲक्सेसरीच्या दुकानात झालं. त्यांनी मूळ रिव्हर्स लाइटच्या वायरला मधेच जोड मारला, वरून काळी टेप गुंडाळली, वीस मिनिटांत गाडी हातात. जुलैत एका ओढ्यातून बाहेर आलो, रिव्हर्स टाकला आणि मागे काहीच नाही. टेपच्या जोडात पाणी शिरून शॉर्ट झालं, फ्यूज उडाला आणि त्याच फ्यूजवरचा मूळ लाइटही गेला. नव्याच्या नादात जुनाही गमावला. कंपनीच्या वायरिंगला चीर पडली की इलेक्ट्रिकलच्या वॉरंटीचा प्रश्न येतो तो वेगळाच.

नंतर एका जुन्याजाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे बसून सगळं नव्याने केलं. बॅटरीच्या प्लसवरून थेट वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरावर 10 अँपिअरचा वॉटरप्रूफ फ्यूज, मग रिले, म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. रिलेच्या 30 नंबरच्या पिनला बॅटरी, 87 वरून लाइटकडे, 85 अर्थिंगला, 86 ला स्विच. दोन्ही लाइट मिळून 36 वॅट, म्हणजे जेमतेम तीन अँपिअर. रिलेची गरज तीन अँपिअरसाठी नाही. मूळ रिव्हर्सच्या वायरवर आपला भार येऊ नये म्हणून तो लावायचा. त्या वायरने रिलेला फक्त इशारा द्यायचा. तो इशाराही आता मूळ कप्लरमध्ये, म्हणजे वायरच्या प्लगमध्ये, बसणाऱ्या जोड-कप्लरवरून घेतलाय, कंपनीची एकही वायर कापलेली नाही.

दुकानवाल्याने केसासारखी बारीक वायर टाकली होती. मल्टिमीटर लावून बघितलं, इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.9 व्होल्ट आणि लाइटपाशी 12.4. अशा एलईडीच्या आत ड्रायव्हर, म्हणजे करंट सांभाळणारं सर्किट, असतं, त्यामुळे उजेड कमी झालेला डोळ्याला कळत नाही. व्होल्टेज कमी पडलं की ड्रायव्हर करंट जास्त खेचतो आणि वायरचा जोड तापतो. आता 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आहे, लाइटपाशी 13.6 मिळतात. जोड सोल्डर केलेले, वर गोंदवाली, गरम केली की आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह, आणि सगळी वायर चेसिसच्या आतल्या अंगाने कॉरुगेटेड पाइपातून. अर्थिंगसाठी चेसिसवरचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडला, दातेरी वॉशर टाकून बोल्ट आवळला आणि वरून रंग व व्हॅसलीन. कोकणात नेहमी जाणाऱ्यांनी हे जरूर करावं, खाऱ्या हवेत अर्थिंगचा बोल्ट आधी गंजतो.

स्विच तीन टप्प्यांचा आहे : बंद, रिव्हर्सबरोबर आणि कायम चालू. तिसरा टप्पा मुक्कामाला तंबू ठोकताना किंवा पंक्चर काढताना लागतो. याच टप्प्याने एकदा माझ्याकडून चूक करवली. केळदहून निघताना तो तसाच चालू राहिला आणि मी डांबरी रस्त्याला लागलो. मागचा ट्रकवाला डिपर मारत होता, मला वाटलं त्याला पुढे जायचंय. बाजू दिली तेव्हा त्याने खिडकीतून मागे बोट दाखवलं. तेवढं अंतर मी त्या माणसाला जवळजवळ आंधळं करून चालवत आणलं होतं. फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर लाल पायलट दिवा लावून घेतला. मागचे लाइट चालू असले की तो समोर पेटलेला दिसतो.

कायद्याचंही सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 108 प्रमाणे गाडीच्या मागे लाल सोडून दुसरा उजेड दाखवता येत नाही. रिव्हर्सचा पांढरा, नंबर प्लेटचा, इंडिकेटरचा असे मोजके अपवाद आहेत. गाडीत फेरफार करण्यावर 1988 च्या कायद्याच्या कलम 52 ची बंधनं आहेतच. म्हणून सार्वजनिक रस्त्यावर माझा स्विच "बंद"वर असतो आणि लाइटवर काळी झाकणं असतात. "आरटीओ काही बोलत नाही" हे ऐकून लावू नका.

पाण्याबद्दल. लाइट आयपी 68 चे, म्हणजे धूळ-पाणी आत न जाण्याच्या वरच्या दर्जाचे, आहेत, तरी सप्टेंबरपर्यंत डाव्या लाइटच्या काचेत आतून दव धरायला लागलं. कारण नंतर समजलं. लाइट दहा मिनिटं चालून तापलेला असतो, तसाच थंड ओढ्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. आता पाण्यात उतरण्याआधी लाइट घालवतो. उजवा अजून कोरडा ठणठणीत आहे.

चिखल हा दुसरा विषय. चालत्या गाडीच्या मागे हवा उलटी फिरते आणि सगळा राड मागच्या अंगाला येऊन बसतो. तासाभराच्या कच्च्या रस्त्यानंतर अर्धा उजेड गेलेला असतो. पाण्याची बाटली आणि ओलं फडकं डिकीत वर ठेवलंय. कोरड्या फडक्याने पुसू नका, पहिल्याच महिन्यात माझ्या काचेवर चरे पडले.

कॅमेऱ्याला मात्र या लाइटने नवा जन्म दिला, रात्रीचं चित्र आता स्वच्छ येतं. एफएमवर लाइट लावल्यावर खरखर यायची, ड्रायव्हरचा विद्युत गोंगाट असतो तो. वायरवर फेराइटचा मणी चढवल्यावर बरीच कमी झाली.

मे अखेरीला काजवे बघायला भंडारदऱ्याकडे गेलो होतो, लाइट नवेकोरे होते. तिथे मी ते एकदाही लावले नाहीत आणि कोणीच लावू नयेत. काजव्यांचं लुकलुकणं हीच त्यांची जोडीदार शोधायची भाषा असते, आपल्या झोतात ती पुसली जाते. गाडी उजेडीच अशी लावायची की परत निघताना रिव्हर्स लागणार नाही.

खर्च : लाइटची जोडी 3,200, ब्रॅकेट 600, वायर-रिले-फ्यूज-स्विच मिळून 1,100 आणि दुसऱ्या वेळची मजुरी 1,500. दुकानातल्या पहिल्या वायरिंगचे 800 पाण्यात गेले, ते धरले नाहीत.

डावा लाइट पुढच्या रविवारी उघडतोय. जुनं सील खरवडून काढायचं, काच एक दिवस उन्हात वाळवायची आणि न्यूट्रल क्युअर सिलिकॉन भरायचं. आंबट वासाचं सिलिकॉन नको, त्याने आतलं तांबं गंजतं. जूनच्या आत राजमाचीला एक रात्रीची फेरी मारणार आहे. मावसभाऊ येतोय, मागे उभा राहायला.