आईची एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) केली त्या सेंटरचा अनुभव (५ पैकी ४)

आईला दोन महिन्यांत दुसऱ्यांदा कावीळ झाली. सोनोग्राफीत सीबीडी म्हणजे मुख्य पित्तनलिका ११ एमएम आली, नॉर्मल साधारण ६-७ पर्यंत असते, पण खडा काही दिसेना, कारण नलिकेचं खालचं टोक आतड्यातल्या गॅसमागे लपतं. मग दुसरीकडे सीटी केला तर रिपोर्टमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्यापाशी सिस्टसारखी गाठ, ट्यूमरची शक्यता. ते वाचल्यापासून घरात कुणाला धड झोप नाही.

इथे एमआरसीपीला आलो. यात रेडिएशन नाही, आईला इंजेक्शनही लागलं नाही, साचलेलं पाणी आणि पित्त पांढरंशुभ्र उठून दिसतं आणि बाकीचं काळपट. श्वास रोखायचा असतो आणि आईला ते जमतच नव्हतं, तर टेक्निशियन दादांनी तिला मशीनबाहेर काढून "काकू, सोडा... आता धरा" असं तीनदा करून घेतलं, जराही चिडचिड नाही.

पण खरं कौतुक रेडिऑलॉजिस्ट मॅडमचं. आई टेबलवर असतानाच त्या इमेजेस बघायला आल्या, आमची सीटीची सीडी मागितली आणि आईला दोन ग्लास पाणी पाजून परत इमेजेस घेतल्या. मग मला स्क्रीनवर दाखवलं, त्या "गाठीत" वर काळं, खाली पांढरं आणि मधे पट्टीने आखल्यासारखी सरळ रेष. म्हणाल्या, वरची ही हवा आहे आणि ती आतड्यातूनच आलीय, म्हणजे ही गाठ नाही, ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या, भिंतीतून बाहेर आलेली पिशवी आहे, डायव्हर्टिक्युलम, नेमकी पित्तनलिका उघडते तिथे, ती भरली की नलिका दाबते म्हणून खडा नसताना कावीळ. याला लेमेल सिंड्रोम म्हणतात, १९३४ मध्ये पहिल्यांदा लिहिलं गेलं. नलिकेचं टोकच आतड्याच्या भिंतीत फुगलंय का, म्हणजे कोलेडोकोसील, पित्तनलिकेच्या सिस्टच्या टोडानी वर्गवारीतला टाइप ३, तेही त्यांनी तपासलं, पण त्यात सहसा पित्त भरलेलं असतं, अशी हवा नाही. मी तिथेच रडले. नंतर गॅस्ट्रोच्या (पोटविकाराच्या) डॉक्टरांनी कडेने बघणारी दुर्बीण घातली तर पिशवीचं तोंड अगदी तिथेच.

एक स्टार कापला कारण १० ची अपॉइंटमेंट आणि आत घेतलं साडेबाराला, कावीळ झालेलं वयस्कर माणूस रात्रीपासून उपाशी, घोटभर पाणी नाही, याचा विचार करायलाच हवा होता. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला आणि सीडी गॅस्ट्रोच्या कॉम्प्युटरवर उघडेचना, परत हेलपाटा.

जाणार असाल तर जुन्या सीटीची सीडी नक्की न्या, नुसता कागद नको, आणि त्यांची सीडी निघायच्या आधी तिथेच उघडून बघा.