री-व्होल्ट: आठ महिने खेळण्यातल्या गाड्या पळवल्यावर

पहिला महिनाभर या गेमला मी शिव्याच घातल्या. वळण आलं की गाडी गर्रकन फिरायची, फुटपाथच्या कडेला धडकायची आणि चाकं वर करून पडायची. ती सरळ करायचं बटण दाबेपर्यंत बाकीच्या सात गाड्या पुढे गेलेल्या. भाचा शेजारी बसून बघत होता. एकदा शांतपणे म्हणाला, "मामा, तू गॅस सोडतच नाहीस."

खरं होतं ते. इतर रेसिंग गेममध्ये बोट गॅसवर ठेवून नुसतं वळवत राहिलं तरी बऱ्यापैकी निभतं. इथे नाही. री-व्होल्टमध्ये आपण हाकतो ती रिमोटवरची खेळण्यातली गाडी, आणि ती हलकी आहे हे गेम एक क्षणही विसरू देत नाही. वळणाच्या जरा आधी गॅस सोडायचा, गाडी पुढच्या चाकांवर टेकू द्यायची, मग वळवायचं आणि सरळ झाल्यावर परत गॅस. चार गोष्टी, पण बोटांत उतरायला मला दोन महिने लागले.

गेम १९९९ चा आहे, ॲक्लेम स्टुडिओज लंडनने बनवलेला. मूळ कंपनी २००४ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण गेम मेला नाही. चाहत्यांनी आरव्हीजीएल नावाने त्याचं नवं रूप तयार केलं, ते विंडोज, लिनक्स आणि अँड्रॉइडवर चालतं. मी तेच खेळतो. ग्राफिक्स पंचवीस वर्षं जुनी आहेत, भिंती सपाट, झाडं कागदी. चार दिवसांत डोळ्यांना सवय होते, त्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

गाडी निवडायच्या स्क्रीनवर कमाल वेगाखाली वजन आणि ट्रान्समिशन, म्हणजे मोटर कोणती चाकं फिरवते ते, लिहिलेलं असतं. तिकडे मी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. वेगाची पट्टी लांब ती गाडी चांगली, असा सरळ हिशेब. खरी गंमत त्या खालच्या ओळींत आहे. मागची चाकं ओढणारी गाडी वळणातून बाहेर पडताना शेपूट फेकते, चारही चाकं ओढणारी चुका पोटात घालते. नवख्याने अशीच गाडी घ्यावी. टोयेका वगैरे वेगवान मंडळी पुढे मिळतात, शर्यती जिंकून, सरावात लपवलेला तारा शोधून किंवा दिलेल्या वेळेत फेरी मारून. आधी मिळाल्या असत्या तरी त्यांनी मला भिंतीवरच नेलं असतं.

ट्रॅकवर मात्र जीव जडला. घरांमधली गल्ली, सुपरमार्केट, संग्रहालय, वनस्पती उद्यान, प्रवासी जहाज. जागा रोजच्याच, पण डोळे जमिनीपासून वीतभर उंचीवर. दाराचा उंबरठा म्हणजे टेकाड. सुपरमार्केटमध्ये फ्रीझरच्या बर्फावर गाडी चढली की स्टीअरिंगचा आणि गाडीचा संबंध तुटतो. तिथे मी शिकलो की बर्फ लागण्याआधीच गाडीचं तोंड हव्या त्या दिशेला करून ठेवायचं आणि बर्फावर हात जोडून बसायचं. बर्फावर वळवायला गेलात की संपलात.

वाटेत उचलायची हत्यारं मिळतात: रॉकेट, तेल, पाण्याचे फुगे, जड लोखंडी गोळा. बॉम्ब सगळ्यांत बेरका. तो आपल्याच गाडीला चिकटतो आणि फुटायच्या आत दुसऱ्या गाडीला धक्का दिला की तिच्याकडे जातो. म्हणजे एरवी ज्यांना चुकवत होतो त्यांच्याच मागे धावायचं. भाच्याबरोबर खेळताना घरात सगळ्यांत जास्त आरडाओरडा याच वेळी होतो. एकट्याने चॅम्पियनशिप खेळताना मात्र हीच हत्यारं डोक्यात जातात. पुढे जायला पहिल्या तिनात यावं लागतं, पुन्हा खेळायच्या संधी मोजक्या, आणि अख्खी शर्यत नीट हाकून शेवटच्या वळणावर मागून रॉकेट बसतं. कसब आणि नशीब यांचं प्रमाण इथे बिघडलंय असं माझं मत आजही आहे. म्हणून हल्ली मी हत्यारं बंद करून एकेकट्या शर्यतीच जास्त खेळतो.

कीबोर्डबद्दल थोडं. खऱ्या रिमोटच्या गाडीचं चाक हवं तेवढंच फिरवता येतं, कीबोर्डवर एक तर पूर्ण डावीकडे नाही तर सरळ. लांब वळणावर बटण टकटक दाबत राहावं लागतं. मी कंट्रोलर घेतला, त्याची डावी काडी तीन महिन्यांत आपोआप एका बाजूला ओढायला लागली, तो बदलावा लागला. तरीही कंट्रोलरवरच खेळा असं सांगेन.

माझ्याकडे खरी रिमोटची गाडीही आहे, वर्षभर खोक्यात पडून होती. मध्यंतरी काढली. गॅस सोडून वळवायची सवय तिथे तंतोतंत कामी आली, पूर्वी दर वळणाला उलटायची ती आता उलटत नाही. पण गाडी माझ्याकडे तोंड करून यायला लागली की मी अजूनही चुकीच्या बाजूला वळवतो. समोरून येताना तिचं डावं म्हणजे माझं उजवं, आणि गेममध्ये कॅमेरा सतत गाडीच्या पाठीमागे असल्यामुळे हा गोंधळ कधी होतच नाही. गेमने हे शिकवलं नाही, उलट थोडं बिघडवलं असावं अशी शंका आहे.

सध्या रात्री अर्धा तास स्टंट अरीनात जातो. तिथे कसरतीच्या रॅम्पवर वीस तारे टांगलेत. अठरा झालेत. एकोणिसावा समोर दिसतो, उडी बरोबर पोचते, पण दर वेळी गाडी त्याच्या वीतभर खालून जाते. भाच्याच्या मते इथेही मी गॅस लवकर दाबतो.