तामा नदीच्या काठाने, स्थानकापासून स्थानकापर्यंत: टोकियोच्या ओमे लोकल मार्गाचा परिचय

टोकियोच्या गर्दीतून एका दिवसापुरते बाहेर पडून निवांत चालायचे असेल, तर जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीच्या ओमे मार्गाइतका सोयीचा दुसरा लोकल मार्ग मला या परिसरात आढळलेला नाही. तचिकावा ते ओकुतामा असा हा ३७.२ किलोमीटरचा मार्ग ओमे शहराच्या पुढे एकेरी होतो आणि तामा नदीच्या खोऱ्यात डोंगरउतार धरून वर चढत जातो. या भागात स्थानके एकमेकांपासून फार दूर नाहीत आणि बऱ्याच स्थानकांवरून थोडे उतरले की नदी लागते. त्यामुळे किती चालायचे हे घरातून निघतानाच ठरवावे लागत नाही. पाय दमले किंवा पाऊस आला, की पुढच्या स्थानकावर चढून गाडीत बसता येते. सोबत वडीलधारी माणसे किंवा लहान मुले असतील, तर ही सोय किती मोलाची आहे हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

टोकियोच्या पूर्व भागातील निशी-कसाई परिसरातील मराठी कुटुंबांना तोझाई मेट्रोने नाकानोपर्यंत जाऊन तेथे चुओ मार्गाची जलद गाडी पकडता येते. त्यांपैकी काही गाड्या थेट ओमेपर्यंत जातात आणि मार्च २०२५ पासून त्यांना अधिक पैसे भरून बसण्याचे ग्रीन डबेही जोडलेले आहेत. ओमेला मात्र गाडी बदलावीच लागते, कारण मार्च २०२३ पासून ओमे ते ओकुतामा या भागात चार डब्यांची स्वतंत्र गाडी धावते आणि तिच्यावर फक्त चालक असतो, गार्ड नसतो. डब्याचे दार आपोआप उघडेल म्हणून थांबू नये, बटण दाबावे लागते. सुइका हे आधी पैसे भरून वापरायचे प्रवास-कार्ड सर्व स्थानकांवर चालते आणि शिंजुकूपासून ओकुतामापर्यंतचे एकेरी भाडे हजार येनच्या थोडेसे वर आहे. दिवसाच्या मधल्या वेळेत दोन गाड्यांमध्ये अर्ध्या तासाहून अधिक अंतर पडू शकते; या सेवेची खरी उणीव हीच आहे, आणि तिच्यावर वेळापत्रक जवळ बाळगण्याखेरीज उपाय नाही.

बहुतेक प्रवासी मिताके स्थानकावर उतरतात, कारण तेथून बस आणि केबल कारने मिताके पर्वतावर जाता येते. नदीकाठाने चालू इच्छिणाऱ्याने मात्र दोन स्थानके अलीकडे, इकुसाबाता येथे उतरावे, असा माझा आग्रह आहे. हे छोटे स्थानक १९२९ मध्ये मार्ग मिताकेपर्यंत वाढला तेव्हाचे असून, जवळच त्याच काळातील उंच पोलादी खांबांवरचा रेल्वेपूल आहे. तो खालून अवश्य पाहावा. तेथून नदीकडे उतरले की मिताकेपर्यंतची वाट साधारण तीन-चार किलोमीटरची आहे आणि रमतगमत गेले तरी दोन तास पुरतात. चढ जवळजवळ नाही, एका बाजूला सतत पाणी असते आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी वाटेत कयाक चालवणारे आणि मासे धरणारे यांच्याशिवाय फारसे कोणी भेटत नाही.

वाटेत सावाई येथे १७०२ मध्ये स्थापन झालेला ओझावा कुटुंबाचा साकेचा, म्हणजे तांदळापासून बनणाऱ्या जपानी मद्याचा, कारखाना आहे. मद्य न घेणाऱ्यांनीही तेथील नदीकाठच्या बागेत बसावे. डोंगरातून येणाऱ्या ज्या पाण्यावर साके बनते, त्याच पाण्यावर तेथील टोफूही बनतो. शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना आवश्यक आहे: टोफूच्या पदार्थांतही माशाचा अर्क असण्याची शक्यता असते, म्हणून विचारून घ्यावे किंवा सरळ पोळी-भाजीचा डबा सोबत न्यावा. बागेजवळच्या झुलत्या पुलावरून पलीकडच्या कानझान-जी मंदिराकडे जाता येते. मिताकेजवळ चित्रकार कावाई ग्योकुदो यांच्या नावाचे, १९६१ मध्ये उघडलेले छोटे कलादालन आहे. ज्या नदीकाठी त्यांनी अखेरची वर्षे घालवली, तिच्याच काठी त्यांची निसर्गचित्रे पाहण्यात जो आनंद आहे, तो शहरातील मोठ्या संग्रहालयात मिळणार नाही.

या मार्गाचा इतिहास आपल्याकडील रेल्वेप्रेमींना जवळचा वाटेल. १८९४ मध्ये सुरू झालेली ही रेल्वे प्रामुख्याने चुनखडी वाहण्यासाठी होती आणि आरंभी तिचे रूळ ७६२ मिलिमीटर अंतराचे होते, म्हणजे बार्शी लाइट रेल्वे आणि विदर्भातील शकुंतला यांच्याइतकेच. चुनखडीच्या मालगाड्या १९९८ मध्ये थांबल्या, परंतु ओकुतामा स्थानकाला लागून चुनखडीचा मोठा कारखाना आजही उभा आहे. हिनातावादा स्थानकाजवळच्या योशिनो परिसरातील प्रसिद्ध उमे (जपानी आलुबुखार) बागेतील सुमारे १,७०० झाडे विषाणुरोगामुळे २०१४ मध्ये तोडावी लागली. २०१६ पासून पुन्हा लागवड झाली आणि ती झाडे आता वाढत आहेत. मार्चमध्ये तेथे अवश्य जावे, फक्त जुन्या छायाचित्रांतील गर्द बहराची अपेक्षा ठेवू नये.

ज्यांना पूर्ण दिवस चालायचे आहे त्यांच्यासाठी ओकुतामा स्थानकापासून ओगोउची धरणापर्यंतची, साधारण दहा किलोमीटरची जुनी वाट आहे. ओमे शहराकडून डोंगरात जाणाऱ्या पूर्वीच्या रस्त्याचाच तो भाग असून वाटेत लहान देवळे, दगडी मूर्ती आणि खोल दरीवरचे झुलते पूल लागतात. १९५७ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणासाठी ९४५ कुटुंबांना गाव सोडावे लागले. कोयना किंवा उजनीच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, त्या घरांतील वाचक जलाशयापाशी सहज पुढे निघू शकतील असे मला वाटत नाही. परतीसाठी धरणापासून ओकुतामा स्थानकापर्यंत बस मिळते.

ही दुसरी वाट मी पहिल्यांदा जपानमध्ये चालणाऱ्याला सुचवणार नाही. फलक बहुतांशी जपानी भाषेत आहेत, मुसळधार पावसानंतर काही भाग बंद ठेवले जातात आणि या डोंगरांत अस्वलांचा वावर आहे, म्हणून पिशवीला छोटी घंटा बांधून आणि एकट्याने न जाता चालावे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दरीतून ऊन लवकर सरकते. त्या दिवसांत सकाळी लवकर ओकुतामाला पोहोचावे आणि उशीर झाला असेल, तर हा बेत सोडून मिताकेकडे परत यावे.